भडभुंजिणीचा घोडा

ही गोष्ट खूप जुनी आहे. तेव्हा जनावरांना बोलता यायचं. माणसांनाही यायचं, पण ती ते जपून वापरायची.

नदीकाठी एक गाव होतं आणि त्या गावाला नजर लागण्याची फार भीती. कधी काळी कुणीतरी कुणाच्या म्हशीला "काय गुणाची आहे हो" म्हणालं आणि म्हैस त्याच दिवशी आटली. तेव्हापासून रीत पडली, की चांगल्याला तोंडावर चांगलं म्हणायचं नाही. बाळ गोजिरं असलं की बायका म्हणायच्या, "अगंबाई, केवढं हे माकड!" आणि आई सुखावायची. गोष्ट जेवढी उत्तम, तेवढी शिवी सणसणीत. करपलेली भाकरी, आळशी जावई अशा ज्या गोष्टींकडे नजरसुद्धा फिरकणार नाही, त्यांना मात्र सगळे बिनधास्त म्हणायचे, "वा, छान!"

त्या गावात एक भडभुंजीण चणे-फुटाणे भाजून विकायची. तिचं दुकान रस्त्याच्या वळणावर होतं. वाटसरू खाली मान घालून यायचे आणि तशीच मान घालून पुढे जायचे. तिला वाटायचं, दारात एक लाकडी घोडा हवा. हरभऱ्याच्या वासाने थबकलेला. घोडा थांबलेला दिसला तर माणूसही थांबेल.

गावातले सुतार नांगर करायचे, पाट करायचे. म्हणून तिने नदीपलीकडून एक तरुण सुतार बोलावला.

तो म्हणाला, "मावशी, आजवर मी दारं-खिडक्याच केल्या. मनातलं काम हे पहिलंच. तुम्हाला आवडलं तर जन्मभर हेच करीन. नाही आवडलं तर हत्यारं नदीत सोडीन आणि घाटावर पोती उचलीन."

"बघू," ती म्हणाली. त्या गावात हा बऱ्यापैकी प्रेमळ शब्द होता.

तो परसात बसून सागवानाचा ओंडका कोरू लागला. आणि एका सकाळी त्याने घोडा दारात आणून ठेवला.

भडभुंजिणीने बघितलं आणि कढईतली वाळू ढवळायची विसरली. घोड्याने मान वळवली होती. नाकपुड्या फुलल्या होत्या. एक पाय उचलला होता, जाऊ की थांबू अशा विचारात. तिचे चणे करपले आणि तिला कळलंही नाही.

तेवढ्यात रस्त्याने एक घोडी चालली होती. ती थांबली आणि स्पष्ट म्हणाली, "किती देखणा आहे हा! कुठला?"

झालं! गावकरी काठ्या घेऊन धावले. घोडीला हाकललं, मिरच्या ओवाळल्या, सगळीकडे खोकलाच खोकला. मग वेळ न घालवता सगळे घोड्यावर तुटून पडले.

"पाय आहेत की पलंगाचे खूर?" एक म्हातारा म्हणाला.

"मान बघा, मोडल्यासारखी!" शेजारीण म्हणाली.

"चुलीत घाला!" पाटील म्हणाले. पाटलांनी असा मान आजवर फक्त देवळाच्या कळसाला दिला होता.

भडभुंजिणीचे डोळे भरून आले. एवढ्या सुंदर गोष्टीला साजेल असं काहीतरी बोलायला हवं होतं. सगळा जीव गोळा करून ती म्हणाली, "हे असलं करण्यापेक्षा जन्मालाच आला नसतास तर बरं झालं असतं!"

गावाने माना डोलावल्या. बाई कौतुकात हात आखडता घेत नाही.

नदीपलीकडे ही रीत नव्हती. सुताराचा चेहरा मात्र उतरला. "सुधारून देतो, मावशी," तो म्हणाला.

"घोडीने तरी बरं म्हटलं ना," म्हातारा हळूच पुटपुटला.

"घोडी गिऱ्हाईक नाही, आजोबा," सुतार म्हणाला आणि त्याने पटाशी उचलली.

भडभुंजीण पुढे झाली. थांब म्हणावं? पण का थांब, ते सांगावं लागलं असतं. सांगितलं असतं आणि नजर लागून लाकूड तडकलं असतं तर? ती गप्प राहिली. घोडा वाचावा म्हणून गप्प राहिली.

त्याने नाकपुड्या तासल्या. लोक म्हणाले, "अजून वाईटच आहे, पण आधीएवढं नाही." सुताराला हुरूप आला. त्याने वळलेली मान कापून सरळ बसवली. शिव्या आणखी सौम्य झाल्या. त्याने आयाळ काढली, कान काढले, उचललेला पाय जमिनीला टेकवला. शेजारीण म्हणाली, "ठीक आहे." तो रात्री पोटभर जेवला. भडभुंजिणीला घास गेला नाही.

शेवटी दारात चार पाय उरले आणि वर एक फळी. गाव जमलं. आता नजर लागण्यासारखं काहीच शिल्लक नव्हतं. सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला.

"वा!" पाटील म्हणाले.

"छान हो, फारच छान!" शेजारीण म्हणाली.

सुतार लहान मुलासारखा रडला. भडभुंजिणीच्या पाया पडून म्हणाला, "मावशी, आता कळलं काम कसं करायचं ते. पहिल्यासारखं पुन्हा कधीच करणार नाही." आणि हत्यारांची पिशवी खांद्याला मारून घाटाकडे निघाला.

तेव्हा मात्र तिला राहवेना. ती धावत सुटली. तो नावेत बसला होता, नाव काठापासून सुटली होती. एवढंच सांगायचं होतं, की पहिला घोडा तिने उभ्या जन्मात पाहिलेली सगळ्यात सुंदर गोष्ट होती. तिने तोंड उघडलं. पण तोंडाला ती सवयच नव्हती. लहानपणापासून जे घोटलं होतं तेच बाहेर पडलं.

"मेल्या, हात झडोत तुझे! तो पहिला घोडा केलास ते हात झडोत!"

सुतार उभा राहिला. त्याने तिच्याकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. पिशवी खांद्यावरून काढली आणि शांतपणे पाण्यात सोडून दिली.

घाटावर तो पोती उचलू लागला. मुकादम म्हणायचा, माणूस कामाला चांगला आहे, फक्त लाकडी खोक्यांना हात लावत नाही.

भडभुंजिणीचा धंदा मात्र जोरात चालला. दारात बसायची सोय झाली होती ना. वाटसरू त्या फळीवर बसायचे, फुटाणे खायचे आणि म्हणायचे, "स्टूल मजबूत आहे हो मावशी, कुणी केलं?"

ती कढई ढवळत राहायची.

बोध: चांगल्याला वेळेवर चांगलं म्हणावं, नजरेने मोडत नाही एवढं न बोलण्याने मोडतं.