नसलेला तुरा

साहेब एक शब्द बोलला आणि भिवाजीची चाकरी गेली!

झालं असं. सोनवडीच्या महाराजांचे फेटे भिवाजी बांधायचा. वाढदिवसाच्या दरबाराला त्याने तुऱ्याला खळ दिली, ती जरा पातळच. दारात हुजऱ्याने गुलाबपाणी शिंपडलं आणि तुरा मान टाकून थेट महाराजांच्या नाकावर! महाराजांनी तो ओला तुरा फेट्याच्या आत दडपला आणि हसतहसत, काही झालंच नाही अशा थाटात सिंहासन गाठलं. ते पाहून पाहुणा गोरा साहेब उद्गारला, “महाराजांकडे काय पनाश आहे!”

पनाश? दुभाषी अनंतशास्त्र्यांनी कोश उघडला, पहिली ओळ वाचली आणि घाम पुसला. “मूळ फ्रेंच शब्द, महाराज. अर्थ... शिरस्त्राणावरचा पिसांचा तुरा.”

“म्हणजे माझ्या पडलेल्या तुऱ्याची थट्टा! भिवाजी, चालता हो!”

आठ दिवस भिवाजी मान खाली घालून घरात बसला. नवव्या दिवशी त्याची लेक सगुणा दरबारात उभी राहिली. “सरकार, साहेबानं थट्टा न्हाई केली. त्याला तुमच्या डोईवर तुरा दिसला!”

“नसलेला तुरा दिसला? मग तोच उद्या मला दाखव! नाही जमलं तर बापलेकींनी सोनवडी सोडायची!” महाराजांचा हट्ट तो, ओल्या फेट्याच्या पिळासारखा. सुटतोय कसला!

दुसऱ्या दिवशी सगुणा बापाला घेऊन आली. हातात कडक खळीचा झोकदार तुरा. तो तिने दिवाणजींच्या फेट्यात खोचला. महाराजांच्या रागाने दिवाणजी आधीच अर्धे झाले होते.

“दिसला, सरकार?”

“कापड दिसतंय. खाली दिवाणजी कापतायत!”

मग सगुणा वळली आणि सरदारांच्या गालिच्यावरून ताठ मानेने निघाली. मध्येच पाय अडकून आपटली! दरबार खो खो हसला. ती उठली, पदर खोचला, मुजरा केला. “गालिच्याला आमच्या पाया पडायची लई घाई, सरकार!”

“अरे, काय ही ऐट!” महाराज ओरडले. “डोक्यावर विटका पदर आणि तोरा राणीसाहेबांचा!”

“दिसला की! तुरा दिला दिवाणजींना आणि तुम्हाला दिसला माझ्या डोईवर. साहेबाला तुमच्या डोईवर असाच दिसला!”

अनंतशास्त्र्यांनी घाईघाईने कोश चाळला. “महाराज... खाली दुसरी ओळ आहे. तुरा मिरवणाऱ्याची हसरी ऐट! त्या दिवशी... मी पहिल्याच ओळीवर थांबलो.”

महाराज पोट धरून हसले. “पोरी, हा घे मानाचा फेटा!”

“मला कशाला? माझ्या बाबाला बांधा. नऊ दिस झाले, त्यानं मान वर केली न्हाई.”

महाराज स्वतः खाली उतरले आणि भिवाजीला फेटा बांधू लागले. भिवाजीने चाचपून पाहिलं, हळूच मान वर केली आणि म्हणाला, “वाकडा बांधलात, सरकार! उद्यापासून मीच येतो!”

या वेळी महाराजांचं हसणं पार वेशीपर्यंत ऐकू गेलं.