न हलणारा ससा

“मग थेंब आज घालू की उद्या, सर?”

शलाका भोगलेचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. तीन वर्षं खपून तिने काचबिंदूवर एक नवं रसायन शोधलं होतं. डोळ्यातला वाढलेला दाब ते झरझर उतरवत होतं. निदान सशांच्या डोळ्यांतला तरी.

सबनीस सरांना तिने मुद्दाम प्रयोगशाळेत बोलावलं होतं. तिला हे शास्त्र त्यांनीच बोट धरून शिकवलेलं. काचबिंदूने त्यांचा एक डोळा केव्हाच गेला होता आणि दुसराही कडेकडेने विझत चालला होता. गुरूचा उरलेला डोळा आपणच वाचवणार, या तोऱ्यात बाई होत्या.

“परवानग्या?” सरांनी विचारलं.

“त्या येईतो वर्षं जातील. तुमच्या डोळ्याकडे तेवढा वेळ नाही.”

“हं... सशाच्या कुठल्या डोळ्यात औषध घालायचीस?”

“उजव्या. डाव्यात नुसतं मिठाचं पाणी, तुलनेसाठी. तुम्हीच शिकवलंत.”

“आणि दाब कोण मोजायचं?”

“मीच. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.”

“उजव्या डोळ्याला यंत्र किती वेळा टेकवायचीस?”

“तीनदा, कधी चारदा. ससा हलला की आकडा उगाच जास्त येतो. तो सोडून पुन्हा घ्यायचा.”

“डाव्याला?”

“एकदाच.”

“तेव्हा ससा हलत नसे?”

शलाकाचे कान तापले. तीन वर्षांच्या वह्या डोळ्यांपुढून सरकल्या. तिला स्वतःचीच लाज वाटली आणि सरांचा रागही आला.

“औषध खरं आहे, सर. माझी खात्री आहे.”

“माझीसुद्धा,” सर म्हणाले. “डोळे मीट.”

तिने मिटले. टेबलावरच्या दोन बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या. पाण्याचा आवाज आला, मग ओला कागद खरवडल्याचा. सर काहीतरी गुणगुणत होते. कागदावर पेन्सिल फिरली.

“उघड.”

‘औषध’ आणि ‘पाणी’ लिहिलेल्या चिठ्ठ्या भांड्यातल्या पाण्यात तरंगत होत्या. दोन्ही बाटल्या कोऱ्या. एकीच्या गळ्याला लाल दोरा, दुसरीच्या पांढरा. सरांनी एक कागद चार घड्या करून खिशात घातला.

“यातलं औषध कुठलं, सर?”

सर हसले.

“सगळं पहिल्यापासून करायचं? सहा महिने जातील. तोवर तुमचा डोळा...”

सरांनी चाचपत तिचा हात शोधला, तळव्यावर दोन्ही बाटल्या ठेवल्या आणि तिची बोटं मिटली. मग भिंतीला हात लावत ते दाराकडे निघाले.

“पण सर, औषध कशात आहे हे मला कळणार कसं?”

“सशाला विचार.”