ज्याला दुखत नाही त्याची गादी

“…आणि ज्याला काही दुखतच नाही, त्याची गादी कशी करायची, उस्ताद?”

इलाही उस्तादांनी रेग्झिनवर टेकवलेली कात्री तशीच धरून मान वर केली.

दारात अभिनंदन चौगुले उभा होता. एरवी नाकावर माशी बसू न देणारा माणूस. आज दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. पँटची इस्त्री मात्र जागेवर होती.

उद्यमनगरातल्या याच पत्र्याच्या शेडमध्ये तो गाड्यांच्या सीटा शिवायला शिकला. उस्तादांचं घराणं नदाफांचं, कापूस पिंजून गाद्या भरणारं. उस्तादांनी तोच हात गाड्यांच्या सीटला लावला आणि पुढे अभिनंदनला दिला. अभिनंदननं तो हायवेवर नेला, काचेच्या दुकानात. जमिनीला पोट घासत पळणाऱ्या स्पोर्ट्स गाड्यांचे हौशी मालक पाठ धरून त्याच्याकडे यायचे. अशा गाडीत बसायचं म्हणजे टबात बसायचं. गुडघे वर, कंबर खाली, मणक्याची कमान. तिथं पाठीला आराम द्यायचा तर हात लागतो. अभिनंदनला तो हात होता हे त्याच्या वैऱ्यांनीही कबूल केलं असतं. त्यानं स्वतः तर केव्हाच केलं होतं.

“बस की,” उस्ताद म्हणाले.

“बसायला नाही आलो.”

“मग?”

“फक्त सांगा मला. कुठला फोम घालू? जेल घालू, का हवेची पिशवी? तुम्ही म्हणाल ते आणतो. परदेशातून मागवतो.”

“कुणासाठी?”



“सत्यशीलसाठी.”

सत्यशील इंगवलेला उद्यमनगरात कोण ओळखत नव्हतं? माळावरच्या ट्रॅकवर त्याची लाल गाडी निघाली की लेथवरची माणसं कामं टाकून बघायला जायची.

“त्यो गाडी पळवणारा?”

“पळवायचा…”

उस्तादांनी कात्री खाली ठेवली.

“काय झालं?”

अभिनंदन उभ्या उभ्याच बोलायला लागला. सत्यशीलच्या मणक्यातली चकती सरकली होती. कळ कमरेतून निघायची ती घोट्यापर्यंत जायची. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. सत्यशील डॉक्टरांकडून उठला तो थेट अभिनंदनच्या दुकानात आला. म्हणाला, अभ्या, एवढा सीझन काढून दे. पुढचं पुढं बघू.

“आणि तू काढून दिलास.”

“सीट करून दिली. माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली सीट होती ती, उस्ताद. दाबाची चटई अंथरून त्याला बसवला. जिथं दाब जास्त, तिथं कॉम्प्युटरवर लाल दिसतं. कुठं ठिपका नव्हता लाल. सगळं हिरवं. चटई खोटं बोलत नाही.”

“न्हाई. चटई कशाला खोटं बोलंल?”

“पहिल्याच दिवशी दुखायचं थांबलं त्याचं. मिठी मारली मला.”

“मग?”

“मग तो पळवत राहिला.”

शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. उस्ताद तो आवाज थांबेपर्यंत थांबले.

“काय म्हणायचा?”

“कोण?”

“सत्यशील. त्या शिटंत बसून काय म्हणायचा?”

हा एक प्रश्न अभिनंदनला नको होता. याच प्रश्नाला चुकवायला तो फोमचं विचारत आला होता. सत्यशीलच्या बायकोनं, ऊर्मिलावहिनींनी विचारला नव्हता, डॉक्टरांनी विचारला नव्हता. म्हाताऱ्यानं बरोबर तिथंच बोट ठेवलं, आणि अभिनंदनला त्याचा राग आला.

“काय म्हणणार? छान आहे म्हणायचा.”

उस्तादांनी पुढ्यातलं रेग्झिन बाजूला सारलं.

“…एकदा म्हणाला. सरावाला. खिडकीतनं डोकं बाहेर काढून. लेका अभ्या, तुझ्या सीटनं माझा पाय पळवला. क्लचवर हाय का न्हाई ते वाकून बघायला लागतंय.”

“तू काय म्हणालास?”

“हसलो.”

“आणि?”

“म्हटलं, आता बसली सीट अंगाला.”

बोलून झाल्यावर त्याचं तोंड कडू झालं. खरं सांगायचं तर तेव्हा त्याला नुसतं हसू आलं नव्हतं, छाती फुगली होती. बसणाऱ्याला स्वतःचं अंगसुद्धा जाणवू नये, इतकी मऊ सीट कोल्हापुरात दुसरं कोण करत होतं? हा किस्सा त्यानं पुढे चार गिऱ्हाइकांना रंगवून सांगितला. चौघंही हसले. एकानं लगेच ऑर्डर दिली.

“मग एका रविवारी शर्यत जिंकला. गाडी थांबवली, पट्टे सोडले, आणि उतरताच येईना. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, भाव खातोय…”

“तू कुठं व्हतास?”

“मी पण टाळ्याच वाजवत होतो.”

उस्तादांनी डोळे मिटले.

ऑपरेशन झालं, पण उशिरा. नस बरेच दिवस दबत होती, डॉक्टर म्हणाले. पायात जीव कमी कमी होत होता, यांना कसं कळलं नाही? आता कमरेखाली काही नाही. लघवी झालेली कळत नाही. चिमटा काढला तर कळत नाही. सत्यशील चाकाच्या खुर्चीत असतो आणि खुर्चीतली गादी अभिनंदननंच करून दिली होती. हौसेनं नव्हे, भीतीनं. पण केली होती उत्तम.

“आणि?”

“परवा वहिनींना चादरीवर डाग दिसला. त्याला कुशीवर केलं तर बसायच्या हाडाखाली जखम. बोट आत जाईल एवढी. आदल्या दिवशी दुपारभर तो टीव्हीवर शर्यत बघत बसला होता. त्याला पत्ताच नाही, उस्ताद. म्हणाला, कुणाचं रक्त हाय?”

अभिनंदननं कपाळ पुसलं.

“डॉक्टर म्हणाले, ही भरेल. पण अशी आणखी एखादी झाली आणि हाडापर्यंत गेली, तर माणूस जातो.”

“त्याची बायको काय म्हणती?”

“शिव्या देत नाहीत मला. गादी बदलून द्या म्हणतात… तुमच्या हाताला गुण आहे म्हणतात.”

हे मात्र त्याला उभ्यानं बोलवेना. तो दाराची चौकट धरून राहिला.

“म्हणून आलो. कुठला फोम घालू तेवढं सांगा.”

उस्ताद उठले. वयानं वाळून काटकी झालेला माणूस, धोतराच्या आत नुसती हाडं. ते भिंतीकडेच्या लाकडी बाकापाशी गेले.

“हिकडं ये. हात ठेव ह्याच्यावर. पालथा न्हवं. उताणा.”

अभिनंदन ओळखून होता. ही या शेडची रीत होती. नवी सीट झाली की गिऱ्हाइकाला तीत बसवायचं, त्याच्याखाली आपला हात उताणा घालायचा, आणि त्याचा चहा संपेपर्यंत काढायचा नाही. कुठलं हाड कुठं रुततंय ते हातानं बघायचं. काचेच्या दुकानात अभिनंदननं ही रीत मोडली होती. तिथल्या गिऱ्हाइकांना ती चालली नसती हे खरंच. पण परक्या माणसाच्या ढुंगणाखाली हात घालायला त्यालाही कमीपणा वाटायचा, तेही तितकंच खरं.

“इथं फोम कुठं आहे?” तो म्हणाला.

“न्हाईच हाय.”

तो बाकाशेजारी खाली बसला. इस्त्रीच्या पँटला चिंध्या आणि धूळ लागली. त्यानं हात ठेवला. उस्ताद त्या हातावर बसले, किटलीतला चहा बशीत ओतला आणि सावकाश प्यायला लागले.

“दुखतंय?”

“हो.”

“कुठं?”

“मधल्या बोटाच्या मुळाशी. हाड रुततंय तुमचं.”

उस्तादांनी फुंकर मारून चहाचा घोट घेतला.

“आता?”

“दुखतंय, उस्ताद.”

बराच वेळ गेला. अभिनंदनला घाम आला. या म्हाताऱ्याकडे उगाच आलो, असं त्याला वाटायला लागलं. एवढ्या वेळात मुंबईला फोन करून चार जणांना विचारून झालं असतं.

“आता?”

“मुंग्या आल्यात.”

उस्तादांनी आणखी चहा ओतला. तो निवायला ठेवला. घाई कसलीच नव्हती.

“आता?”

“आता…” अभिनंदननं अंदाज घेतला. “आता नाही दुखत.”

त्याला बरं वाटलं. क्षणभरच. मग त्याचा चेहरा उतरत गेला. त्यानं बोटं हलवून बघितली. हलली का नाहीत ते त्याला कळेना.

“उठा, उस्ताद.”

“का?”

“हात काढू द्या.”

“दुखत न्हाई म्हणालास न्हवं?”

“उठा ना!”

“आरामात हाय की हात.”

उस्ताद हलले नाहीत. अभिनंदननं खांद्यातून जोर लावला, पण ओढायचं कुठून तेच त्याला कळत नव्हतं. मनगटाच्या पुढे जणू दुसऱ्याचं काहीतरी लावलेलं होतं. खिडकीतून डोकं काढून हसणारा सत्यशील त्याला दिसला. तो हसत नव्हता. तेव्हाही नीट हसत नव्हता. घाबरलेला होता आणि आपल्या मित्राला सांगत होता.

“उस्ताद… मेला हो हात माझा.”

उस्ताद उठले.

हात पांढराफटक पडला होता. बोटं वळत नव्हती. मग हळूहळू रक्त उतरलं, आणि त्याच्याबरोबर अशी कळ आली की अभिनंदनच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो हात छातीशी धरून जमिनीवर बसून राहिला. आधी कळेमुळे रडत होता. नंतर नुसताच रडत होता.

उस्तादांना त्याची दया आली. पण त्यांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला नाही. बशीतला चहा त्याच्यापुढे सरकवला.

अभिनंदननं तो डाव्या हातानं प्यायला.

“मग… फोम?” त्यानं विचारलं. सवयच ती.

“फोम चांगला हाय तुझा. त्योच ऱ्हाऊ दे.”

“मग करू काय?”

“त्याच्याकडं जा. खुर्चीतनं काढ. कुशीवर कर. कातडं बघ. लाल दिसलं तर हात लाव, गरम लागतंय का बघ. मग थांब आन् परत बघ.”

“ते वहिनी करतात.”

“वहिनीनं शीट केली व्हती?”

शेजारी पुन्हा पत्रा ठोकायला सुरुवात झाली.

“रोज जायचं?”

“रोज.”

“तो मला घरात घेईल का… तेच माहीत नाही.”

“दारात बस.”

“दुकान आहे माझं, उस्ताद,” तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याची त्याला लाज वाटली.

उस्तादांनी रेग्झिन पुढ्यात ओढलं आणि खडूनं रेघ मारायला घेतली.

अभिनंदन उठला. पँट झटकायची त्याला आठवण झाली नाही. दारापर्यंत गेला आणि थांबला.

“किती दिवस जाऊ?”

“त्यो बसलाय तवर.”