तिकटीवरचा गाडा

एकदा काय झालं, भाद्रपद वद्य चतुर्थी होती. आठ दिवसांची झड त्या सकाळी थांबली होती, पण ऊन पडलं नव्हतं. वारा नाही, पान हलत नाही. आणि राही नावाची एक बाई तिकटीवर एक गाडा ढकलत होती. एकटीच.

तिकटी म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा, बरं का. तिथं तीन वाड्यांच्या शिवा मिळत होत्या. वरच्या वाडीत शेतकरी. राही तिथलीच. मधल्या वाडीत विणकर, त्यांच्या मागांची खटखट दिवसभर चालायची. खालच्या वाडीत कातडं कमावणारे आणि गाढवांवर दगड वाहणारे. त्यांची बोली निराळी, देव निराळे. तिन्ही वाड्यांचा ओढा एकच, पण एकमेकांच्या दारात कुणी जात नसे.

मग रोगराई आली की काय करायचं? एक लाकडी गाडा करायचा, त्यात शेंदूर लावलेला आईचा, म्हणजे रोगाच्या देवीचा, दगड बसवायचा, हिरवा खण घालायचा. दिवेलागणीला गाडा शिवेपार ढकलायचा आणि मागं न बघता घरी यायचं. रोग पुढच्यांकडे गेला. आपण सुटलो.

वरची वाडी मधलीवर ढकलायची. मधली खालचीवर. आणि खालचीपुढं होती नदी. नदीवर कोण ढकलणार? ते आपले सोसायचे. पिढ्यान्‌पिढ्या सोसलं त्यांनी.

पण त्या वर्षी खालच्यांनी आपली माणसं पुरली आणि तो गाडा नदीच्या काठाकाठानं ओढत नेऊन वरच्या वाडीच्या शेतात सोडला.

मग गाडा फिरतच राहिला. पहिल्या फेऱ्याला राहीच्या नवऱ्यानं, म्हादूनं, तो दोन गड्यांच्या मदतीनं ढकलला होता. दुसऱ्या फेऱ्याला बैल जुंपावे लागले. तोवर म्हादू राहिला नव्हता. तिसऱ्या फेऱ्याला गाडा तिकटीवर आला आणि थांबला. बैल गुडघ्यांवर बसले, पण चाक हललं नाही.

त्याच पहाटे राहीच्या पोरीला, सारजाला, उलट्या सुरू झाल्या. पोरीचे डोळे खोल गेले, बोटं सुरकुतली. राहीचा सासरा तुळोजी म्हणाला की गाडा निम्मा आपल्या शिवेत आहे, म्हणून हे. मग राहीनं पोरीला सासऱ्यापाशी ठेवलं आणि खांदा लावायला ती स्वतःच आली.

तिनं ढकललं. पुन्हा ढकललं. तिसऱ्यांदा ढकललं, तेव्हा आतून कुणीतरी सुस्कारा टाकला. बघते तर दगडाच्या जागी हिरव्या लुगड्यातली म्हातारी बसलेली.

"ढकल, बाई," म्हातारी म्हणाली. "सगळेच ढकलतात."

पोर मरायला टेकली की आईला भीती सुचत नाही, बरं का. तिनं विचारलं, "आई, तू एवढी जड कशी गं?"

"मी कुठली जड? मी दगडाएवढी. माझ्या मागं बघ की."

मागं बघायचं नाही असा नेम होता. राहीनं बघितलं. गाड्यात माणसं दाटीवाटीनं बसली होती. तिन्ही वाड्यांची. ओले केस, माना खाली. आणि कडेला होता म्हादू.

तिनं त्याला हाक मारली. त्यानं मान वर केली नाही.

म्हातारी म्हणाली, "तुझ्या हाकेनं नाही उतरायचा तो. ज्यांनी माझा गाडा त्याच्या दारात ढकलला, त्यांनी त्याला नावानं हाक मारली पाहिजे. सगळ्यांचं तसंच. ही माणसं उतरली, तर मी एका जागी टेकेन."

मधल्या वाडीवर तर राहीच्याच माणसांनी ढकलला होता. तिला तिथल्या एकाचंही नाव ठाऊक नव्हतं.

राही घरी आली. तुळोजी म्हणाला, "सुतकात उंबरा ओलांडून त्यांच्याकडं जाणार? लोक काय म्हणतील?"

"सुतक तिन्ही वाड्यांना आहे, मामंजी," राही म्हणाली आणि निघाली.

मधल्या वाडीत सगळे माग बंद. हलीमाबी नावाची म्हातारी दारात सुताचा गुंता सोडवत बसली होती. तुमच्या घरातलं कोण गेलं, असं राहीनं विचारलं, तसे हलीमाबीचे हात थांबले.

"गाडा ढकलताना विचारलं नाहीस ते?"

राही खाली मान घालून उभी राहिली. हलीमाबीनं तिला बराच वेळ तसंच उभं ठेवलं. मग म्हणाली, "इसाक. माझा पोरगा. आणि त्याची बायको, हाजरा." मग ती शेजारपाजारची नावं सांगत गेली. सांगता सांगता तिला आठवलं, खालच्या वाडीवर तिच्याच माणसांनी ढकलला होता. ती काठी घेऊन उठली. "चल. मलाही विचारायचंय."

खालच्या वाडीत यल्लव्वा होती. दगड फोडणारी, अंगानं दणकट, पण त्या दिवशी भिंतीला टेकून बसलेली. तिनं नावं सांगितली आणि मग राहीकडं बघून म्हणाली, "तुमचा गाडा वर नेला, त्यात माझापण हात होता. तुझा कोण गेला?"

"नवरा. म्हादू."

मग राहीनं वरच्या वाडीतली बाकीची नावं सांगितली, आणि तिघी तिकटीवर आल्या. मागून एकेक करत तिन्ही वाड्यांची माणसं आली, लांब लांब उभी राहिली. राहीनं हाक मारली, "इसाक, उतर बाबा." इसाक उतरला आणि वाटेला लागला. चिखलात पाऊल उमटलं नाही. गाडा बोटभर वर आला. हलीमाबीनं हाका मारल्या, यल्लव्वानं मारल्या. तुळोजी पोरीला खांद्यावर घेऊन आला, आणि त्यानंही घोगऱ्या आवाजात मधल्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याला हाक मारली. यल्लव्वानं "म्हादू" म्हटलं, तेव्हा म्हादू उतरला. पण गेला नाही. गाड्याशी उभा राहिला.

बाकी सगळे उतरले, तरी चाक अजून हलेना. म्हातारीच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं एक तान्हं होतं.

"माझी," यल्लव्वा म्हणाली. "नाव ठेवायच्या आधीच गेली."

नाव नाही, तर हाक कशी मारणार? मग राहीनं हलीमाबीच्या खांद्यावरची चादर घेतली आणि गाड्याच्या दांड्यांना झोळी बांधली. म्हातारीनं तान्हं झोळीत ठेवलं. आता नाव कानात सांगायला आत्या हवी. यल्लव्वाची नणंदही त्याच आठवड्यात गेली होती.

हलीमाबी हळूच म्हणाली, "मी ठेवलेलं चालेल?"

"तुमच्या गाड्यानं नेली," यल्लव्वा म्हणाली. "नाव तुम्हीच ठेवा."

हलीमाबी वाकली आणि कानात आपल्या आईचं नाव बोलली. जैनब. यल्लव्वानं ते आपल्या बोलीत म्हणून बघितलं, "जैनव्वा." मग झोळीला एक झोका दिला राहीनं, एक हलीमाबीनं, एक यल्लव्वानं. हलीमाबीनं हाक मारली.

तान्ह्याला चालता कुठं येतं? म्हादूनं तिला उचललं, खांद्याशी धरलं आणि तो नदीच्या वाटेनं निघून गेला. राही बघत राहिली. या वेळी कुणीच मान फिरवली नाही.

म्हातारीनं विचारलं, "आता मला कुणाकडं ढकलता?"

मग राही म्हणाली, "इथंच टेक, आई. तिघींची आहेस."

म्हातारी टेकली आणि तिचा पुन्हा दगड झाला. माणसांनी गाड्याची चाकं काढली. फळ्यांचा पाळणा केला. तिन्ही वाड्यांतली बारशी त्याच पाळण्यात होऊ लागली, आणि राहिलेली माणसं सुखानं नांदली.

आता पाय आखडा बघू. पांघरूण ओढून घ्या. सारजाचं काय झालं, तेवढं सांगते.

त्या साथीत तिन्ही वाड्यांची मिळून एकोणीस माणसं गेली. विसावं गेलं नाही. सारजा वाचली. त्या दुखण्यात तिचा डावा कान बहिरा झाला. रात्री ती उजव्या कुशीवर निजायची, म्हणजे काही ऐकू येत नसे, आणि तिला झोप लागायची.