नदीची घासाघीस

एका राज्यात मागितली किंमत मुकाट्याने देणे हीच खानदानी रीत होती. म्हणून धूमकेश जादूगाराने तिथली नदी तांब्याच्या घागरीत कोंडली आणि बदल्यात राजकन्या हेमांगी जन्मभरासाठी मागितली, तेव्हा राजाने डोळे पुसले आणि होकार देण्यासाठी मान वर केली.

राजकन्येची मैत्रीण येसू बैलबाजारातल्या दलालाची लेक. हळू बोलणारी. तिने विनवले, "महाराज, आधी घासाघीस करू द्या."

राजाला तो शब्दच ठाऊक नव्हता. येसूने समजावले, की सांगितलेला भाव थोडा थोडा घासत खाली आणायचा, दोन्ही बाजू राजी होईपर्यंत. राजाला लाज वाटली, पण लेक जास्त प्यारी होती.

कोरड्या पात्रात धूमकेश बसला होता. घागरीवर बोलकी साळुंकी होती. तिने "ठरलं" म्हटले की सौदा कुणालाच मोडता येत नसे.

येसूने घागरीत वाकून पाहिले, वास घेतला, नाक मुरडले. पाणी शिळे झालेय, मासे मरगळलेत, असल्या मालाला जन्मभराचा भाव कसा, असे तिने विचारले. धूमकेश चपापला. एवढी वर्षे त्याचा माल कुणी पारखलाच नव्हता.

मग तिने बाजाराच्या रीतीने दोघांच्या हातांवर रुमाल टाकला. एक बोट म्हणजे राजकन्येचे एक वर्ष. धूमकेशाने तिची पाचही बोटे धरली. येसूने चार सोडवून घेतली. पाचवे मात्र तो सोडेना, एका वर्षावर अडून बसला.

येसूने रुमाल झटकला आणि उठली.

"राहू द्या. आम्ही विहिरी खणू. तुम्ही ही नदी दुसऱ्या कुणाला विका."

ती चालू लागली. तिने मागे पाहिले नाही. दहा पावले झाली. वीस झाली.

"ए पोरी, थांब. तू काय देतेस?"

"राजकन्येच्या हातची एक भाकरी, पिठल्यासोबत."

धूमकेश आयुष्यभर एकटाच जेवला होता. त्याने होकारार्थी मान हलवली.

"ठरलं," साळुंकी म्हणाली.

घागर फुटली, नदी उसळत पात्रात धावली, मासे उड्या मारू लागले. हेमांगीने काठावर चूल पेटवली. धूमकेशाने भाकरी संपवली, ताट पुसून घेतले आणि आणखी मागितली.

हेमांगीने परात बाजूला सरकवली. "वाढते. पण मग या राज्यात पुन्हा पाऊल टाकायचे नाही."

"दोन भाकऱ्या."

"दीड," राजकन्या म्हणाली.

दीड भाकरी खाऊन जादूगार वेशीबाहेर गेला, तो कायमचा.