रिकामी खेप

घाटाला नुकतं डांबर लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. तांबू नावाचा ट्रक कोकणातून मीठ भरून देशावर जाई आणि रिकामाच परते. उतारावर मोकळा हौदा खडखडला की त्याला वाटे, परतीलाही कुणीतरी पाठीवर ओझं द्यावं.

खिंडीतल्या जांभळीची पानं धुरानं काळवंडली होती. एकदा ती म्हणाली, "भरल्या खेपेचा धूर सोसते रे मी. पण हा रिकाम्या खेपेचा कुणासाठी?"

"कोकणात न्यायला मालच मिळत नाही, मावशी."

"आणि तो पिवळा ट्रक? कोकणात कांदा उतरवून रोज रिकामाच वर चढतो. तोही म्हणतो, देशावर न्यायला काही मिळत नाही."

इतके दिवस खिंडीत त्या पिवळ्याला पाहून तांबू नुसता हॉर्न देत आला होता; काय आणतोस, काय नेतोस, हे कधी विचारलंच नव्हतं.