ती खोड, ते खोड

मराठीत ‘खोड’ हा शब्द दोन लिंगांत चालतो. नपुंसकलिंगी खोड म्हणजे झाडाचा बुंधा. फांद्या, पाने, फळे, सारा पसारा त्यावर उभा असतो. स्त्रीलिंगी खोड म्हणजे अंगवळणी पडलेला दोष. खोड तोडले तर झाड मरते. खोड मोडली तर माणूस सुधारतो, असे आपण मानतो. उच्चार तोच, अक्षरे तीच. भेद कळतो तो शेजारच्या क्रियापदावरून. पुढील कथा या भेदावर उभी आहे, म्हणून तो आधी सांगितला.

पुण्णक नावाचा एक तरुण भिक्षू महाकाल नावाच्या ज्येष्ठ स्थविरांसारखे प्रवचन करू लागला होता. स्वर त्यांचा, विराम त्यांचे. गाथेआधी येणारा त्यांचा खोकलासुद्धा तो सोडीत नसे. इतर भिक्षू तोंड लपवून हसत. शास्ता, म्हणजे साऱ्या भिक्षूंचे गुरू, हसले नाहीत. “दुसऱ्याच्या नावाचा मोह याला आजच झाला आहे असे नाही,” एवढे म्हणून त्यांनी मागल्या जन्मीची गोष्ट सांगितली.

शंखवती नगरीवर अरिंदम राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व एका सुताराच्या कुळात जन्माला आला. मूल डाव्या हाताने खेळे, डाव्या हाताने घास उचली; म्हणून त्याचे नाव वामक पडले. वयात आल्यावर बापाने त्याला मंदार आचार्यांकडे ठेवले. मंदार वीणा घडवीत. त्यांच्या वीणेचा नाद स्वच्छ उमटे आणि स्वच्छ संपे, पानावरून थेंब गळावा तसा.

वामकाने पहिली वीणा घडवली. आचार्यांनी तार छेडली आणि कान टेकला. नाद उमटला, ओसरला, आणि ओसरल्यावरही लाकडाच्या पोटात काहीतरी मंद घुमत राहिले.

“हे अजून कोण गुणगुणते आहे?” आचार्यांनी विचारले.

“नादच आहे, आचार्य.”

“नाद नव्हे, नादाचे शेपूट. पाहुणा उठला, निरोप घेतला, तरी उंबऱ्यात बोलत उभाच. असा पाहुणा तुला आवडतो?”

वामकाला तो आवडला होता. पण हे सांगण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

आचार्यांनी वीणेच्या पोटात बोटे फिरवली. डाव्या हाताने कोरल्यामुळे आत एक तिरपी वळी राहिली होती. “डाव्या हाताची खोड आहे ही,” ते म्हणाले. “मोडली पाहिजे.” आणि वीणेचा दांडा त्यांनी गुडघ्यावर मोडला.

त्या दिवसापासून वामकाचा डावा हात फडक्याने कमरेशी बांधला गेला. आचार्य दुष्ट नव्हते. हात बांधलेल्या शिष्याच्या पानावरचा भात ते स्वतः कालवून देत आणि म्हणत, “पुढे माझी आठवण काढशील.” उजवा हात तयार झाला, फडके सुटले, वर्षे गेली, आचार्यही गेले. कर्मशाळा वामकाकडे आली. तिच्या रीतीप्रमाणे तो प्रत्येक वीणेच्या टोकाला मंदाराचे फूल कोरी. लोक वीणा वाजवून पाहत आणि मान डोलवत. “मंदार गेले, पण त्यांचा हात राहिला.”

ही स्तुती ऐकताना वामक विनयाने हसे. मात्र नवी वीणा सिद्ध झाली की तो तार छेडी, नाद संपू देई आणि संपल्यावरही कान लावून बसे. त्याची बायको केतकी हे पाहत आली होती.

“कोणाची वाट बघता हो?” ती एकदा म्हणाली. “मी इकडे जेवायला बोलावते तर ऐकू येत नाही, आणि जे वाजतच नाही ते कान देऊन ऐकता.”

“कोणाची नाही,” वामक म्हणाला. ते खोटे होते. परंतु ज्याची वाट पाहायची त्याचे नाव त्यालाही ठाऊक नव्हते. त्या पहिल्या नादाची आठवणसुद्धा पुसट झाली होती. उरली होती ती नुसती हुरहुर.

एके वर्षी राजवाड्यातली मंदारांची वीणा तडकली. शरदोत्सव जवळ आला होता. परराज्यांतले पाहुणे यायचे होते. राजाने वामकाला बोलावून सांगितले, “तशीच दुसरी कर. नदीकाठचे शिवणीचे जुने झाड पाडून वाळवून ठेवले आहे, ते तुला देतो. वीणा साधली तर तू राजवाड्याचा वीणाकार. नदीकडचे घरही तुझे.”

केतकी हरखली. त्यांच्या घराचे छप्पर दर पावसाळ्यात गळे.

शिवणीचे खोड आले. जन्मभर वाऱ्याशी झुंजल्याने त्याला पीळ पडला होता. वामकाने उजव्या हाताने पटाशी चालवली, तर लाकडाची नस उलट धावे आणि चिरफळ्या उडत. त्याने धार लावली, पटाशी बदलली, दिशा बदलून पाहिली. आणखी थोडे ओढले असते तर पोट फुटले असते आणि उत्सवापूर्वी दुसरे लाकूड वाळणे शक्य नव्हते. तो बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसला. मग त्याने पटाशी डाव्या हातात घेतली.

लाकूड लोण्यासारखे सुटू लागले.

तार चढली. नाद उमटला, ओसरला, आणि पोटात ते मंद घुमणे राहिले. वामकाने हसून तीच तार पुन्हा छेडली. पण तो नुसत्या आनंदावर विसंबणारा कारागीर नव्हता. दांड्याची कड ओबडधोबड झाली होती. डाव्या हाताचा सराव मोडल्याची ती खूण होती. ती त्याने घासून गुळगुळीत केली. नाद तसाच राहिला. मग त्याने पोटातल्या वळीवर पटाशी टेकवली आणि एक पापुद्रा काढला. घुमणे क्षीण झाले. त्याने हात आवरला. काय घासायचे आणि काय राखायचे, ते त्याला कळले होते. आचार्यांचा नाद स्वच्छ का संपे, तेही त्याच क्षणी उमगले. आचार्य स्वतः तसेच होते. निरोप घेतल्यावर ते कधी मागे वळून पाहत नसत. तो नाद त्यांचा होता आणि खरा होता.

या वीणेवर त्याने फूल कोरले नाही.

राजाने तार छेडली. क्षणभर त्याचे डोळे मिटले. उघडल्यावर तो म्हणाला, “उत्तम. मंदारांची वाटत नाही. पण फूल कोरलेस की वाटेल. ही त्यांची शेवटची वीणा, असे आम्ही पाहुण्यांना सांगू.”

“महाराज, या नादाला आचार्य शेपूट म्हणत. तो त्यांच्या नावावर कसा घालू?”

“मग आतून घास. मंदारांचा नाद तुला काढता येतो ना?”

“येतो, महाराज. पण तो काढताना मी तिथे नसतो.”

सभेत कोणी तरी खुदकन हसले. राजा हसला नाही. “तू कोण, ते विचारायला येथे कोणी बसलेले नाही,” तो म्हणाला. “फूल कोर, नाहीतर वीणा उचल.”

नदीकडच्या घराचे कौलारू छप्पर गवाक्षातून दिसत होते. वामकाने ते एकदा पाहिले. मग त्याने वीणा उचलली.

केतकी दारातच होती. “पद?”

“गेले.”

“घर?”

“तेही.”

ती दारातून बाजूला सरली. मग म्हणाली, “तर उंबऱ्यात उभे काय राहिलात? आत या. आणि वाजवा तरी, एवढे महाग पडलेले.”

वामकाने तार छेडली. नाद उमटला, ओसरला, निरोप घेऊन निघाला, आणि उंबऱ्यातल्या पाहुण्यासारखा बोलत उभा राहिला. त्याने जावे असे दोघांनाही वाटेना. वामकाने या वेळी कान टेकला नव्हता.

कथा संपवून शास्त्यांनी जन्मांचा मेळ सांगितला. “अरिंदम राजा म्हणजे हा पुण्णक. मंदार आचार्य म्हणजे महाकाल स्थविर. केतकी म्हणजे भिक्षुणी चंद्रा. वामक मीच होतो.” आणि त्या जन्मी आचरलेल्या पारमितेचे, म्हणजे पूर्णत्वाला नेलेल्या सद्गुणाचे, नाव त्यांनी सांगितले: सत्य.

ही गोष्ट सांगणारे बहुधा असे सांगतात की बोधिसत्त्वाने आपली खोड जपली, आणि आपल्या आळसाला तिचा आधार शोधतात. दांड्याची ओबडधोबड कड त्याने घासली, हे वाक्य ते गाळतात. चूक एका क्रियापदाची आहे. खोड जपली नाही, खोड जपले.